सकाळी सात ते पावणेअकरा

ई.सी.जी.ची पट्टी मशीनमधून बाहेर येत होती आणि डॉक्टर ती बोटांमधून सरकवत वाचत होते. वाशीच्या त्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर घड्याळ होतं. पावणेअकरा वाजले होते. पट्टी संपली तसं त्यांनी मला पडद्याच्या बाहेर बोलावलं.

"यांना घाम कधीपासून येतोय?"

"सकाळी सातपासून."

"मग इतका वेळ काय केलंत?"

"साखरेचं पाणी दिलं," मी म्हणालो.

डॉक्टर तिशीतले असतील. ते रागावले नाहीत. पट्टीकडे बोट करून म्हणाले, "मॅसिव्ह हार्ट अटॅक आहे. अँटेरिअर वॉल एम.आय." माझा चेहरा बघून त्यांनी सोपं करून सांगितलं. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी नळी बंद पडली होती. नळी जितका वेळ बंद, तितका स्नायू मरत जातो. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

तेवढ्यात लॅबमधून चिठ्ठी आली. रक्तातली साखर चारशे बारा.

पडद्याच्या आत माझी बायको नंदा होती. वय त्रेचाळीस. छातीत दुखतंय असं ती त्या सकाळी एकदाही म्हणाली नव्हती.

हे मी लिहितोय ते ज्यांच्या घरात डायबेटिस आहे त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. जे कळलं ते हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून कळलं, आणि ते कळेपर्यंत त्याचा उपयोग संपलेला होता.

आम्ही नेरूळला सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. परळच्या एका खोलीतून तिथे आलो तेव्हा नंदाला दोन खोल्या आणि गॅलरी म्हणजे चैन वाटली होती. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिचा आवाज स्वच्छ होता, एकेक अक्षर वेगळं ऐकू यायचं. बाजारात एखाद्या अनोळखी माणसाने "मॅडम, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय" म्हटलं की ती खूश व्हायची. आमची मुलगी मेघा तेव्हा बारावीला होती.

नंदाला सहा वर्षांपासून डायबेटिस होता. गोळ्या चालू होत्या. गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की कधीकधी तिची साखर उतरायची. घाम फुटायचा, हात थरथरायचे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मला शिकवून ठेवलं होतं की असं झालं की लगेच साखरेचं पाणी द्यायचं, पंधरा मिनिटांत बरं वाटतं. तसं तीन-चारदा झालंही होतं. मला त्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता की मला बायकोचं दुखणं कळतं.

त्या मंगळवारी माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी घरी होतो. मेघा क्लासला गेलेली. नंदा ओट्यापाशी डबा भरत होती. एकदम खाली बसली. कपाळ, मान, पाठ, सगळं ओलं. ढेकर येत होते. जबडा जड झालाय म्हणाली. मी साखरेचं पाणी केलं आणि तिला पाजलं. थोड्या वेळाने आणखी एक ग्लास दिला. पंखा लावला. ती आडवी झाली. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना नऊला उघडायचा, म्हणून आम्ही नऊ वाजायची वाट बघितली. नऊला तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर आले दहाला. त्यांनी नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं आणि बसायलाही न देता सांगितलं, "रिक्षा करा आणि सरळ वाशी गाठा."

वाशीला पोचलो तेव्हा काय झालं ते वर लिहिलंय.

स्ट्रेप्टोकायनेज नावाचं औषध द्यायचं ठरलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं हे औषध सलाइनमधून देतात. डॉक्टरांनी विचारलं, "डायबेटिसमुळे डोळ्यांच्या पडद्याला काही झालंय का? हे औषध दिल्यावर डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो." मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत आम्ही डोळे एकदाही दाखवले नव्हते. मी कागदावर सही केली.

"देऊन उपयोग होईल ना?" मी विचारलं.

"लवकर दिलं तर जास्त होतो. आता बघू," ते म्हणाले.

नंदाला आय.सी.यू.मध्ये नेलं. तिथे सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं आत सोडायचे, बाकी वेळ बाहेरच्या लाकडी बाकड्यावर. मेघा दुपारी आली. तिने विचारलं, "बाबा, आईच्या छातीत दुखत होतं?" मी नाही म्हटलं. "मग हार्ट अटॅक कसा?"

हाच प्रश्न मी संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांना विचारला. ते हृदयरोगतज्ज्ञ, केस पांढरे झालेले. म्हणाले, "याला सायलेंट अटॅक म्हणतात. डायबेटिसने नसा बोथट होतात. डायबेटिक न्यूरोपॅथी. पायाला जखम झालेली कळत नाही, तसंच हृदयाचं दुखणंही कळत नाही. घाम येतो, मळमळतं, थकवा येतो. पेशंटला वाटतं साखर उतरली."

"मी साखरेचं पाणी दिलं. दोन ग्लास."

"त्याने अटॅक आला नाही. साखर थोडी वाढली असेल, पण झटका बसला की शरीर आपणहूनच रक्तात साखर सोडतं. त्यात यांना डायबेटिस. ती वाढलेली साखर हृदयाला आणखी त्रास देते, म्हणून आम्ही इन्सुलिनची ड्रिप लावलीय." मग ते म्हणाले, "तुमची चूक नाही. साखर उतरल्यावर काय करायचं ते तुम्हाला शिकवलं होतं. ही साखर उतरलेली नाही हे ओळखायला कुणी शिकवलं नव्हतं."

ते भल्यासाठी बोलले. पण पाणी दिलं हे माझ्या मनाला लागलं नव्हतंच. लागलं होतं ते वेगळंच, आणि ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई येऊन बसल्या. करावे गावच्या, आगरी, साठीच्या. नाव नथीबाई. त्यांच्या नवऱ्यालाही अटॅक आला होता. त्याच्या छातीत मात्र इतकं दुखलं होतं की त्याने आरडाओरडा करून आळी गोळा केली, आणि पोरांनी त्याला टेम्पोत घालून अर्ध्या तासात आणलं. त्या हे जरा लाजून सांगत होत्या. "म्हातारा लय वरडला. सगला गाव जमा केला." मला त्या माणसाचा हेवा वाटला.

दुपारी त्यांनी फडकं सोडलं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती.

"दादा, खाऊन घे."

"भूक नाही."

"भूक नाय तरी खा. बाय आत झोपलेली हाय. तू भायेर आडवा पडलास तं तिला कोन बघनार?"

मी खाल्लं. सोमवारनंतर मी पहिल्यांदा जेवत होतो.

तिसऱ्या दिवशी नंदाच्या फुप्फुसांत पाणी झालं. हृदय पुढे रक्त ढकलू शकत नसेल तर ते मागे तुंबतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. तिला उशांच्या आधाराने बसवून ठेवलं होतं. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. मला बघून तिने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. दोन शब्द निघाले आणि श्वास संपला. सिस्टरने मला हाताने बाहेर जायची खूण केली. मी बाहेर आलो आणि मेघाला सांगितलं, आई झोपलीय.

दर तासाला तिच्या बोटाला सुई टोचून साखर बघायचे. तीनशे चाळीस. दोनशे नव्वद. तीनशे दहा. आय.सी.यू.मध्ये लिसी नावाची केरळची सिस्टर होती, ती बाहेर आली की मला न विचारता आकडा सांगायची. मी तो पाकिटावर लिहून ठेवायचो. का लिहायचो, माहीत नाही. आकडा खाली आला की मला वाटायचं नंदा बरी होतेय. हृदय मात्र तसंच होतं.

पाचव्या दिवशी ड्रिप काढून इन्सुलिनची इंजेक्शनं सुरू झाली होती. संध्याकाळी चार वाजता मी आत गेलो तर नंदा घामाने भिजलेली होती. तसाच घाम. कपाळ, मान, पाठ. तिने माझ्याकडे बघितलं आणि मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाक मारली. तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. "भाऊ, दार लाव," म्हणाली.

मी ओरडलो, "सिस्टर, परत अटॅक आला."

लिसी सिस्टर धावत आली. तिने आधी मॉनिटर बघितला आणि लगेच बोटाला सुई लावली. आकडा आला अडतीस.

"अंकल, शुगर लो है. घबराओ मत."

तिने शिरेतून ग्लुकोजची मोठी सिरिंज दिली. माझ्या डोळ्यांदेखत नंदाची नजर जाग्यावर आली. तिने विचारलं, "अहो, मेघा जेवली का?"

दुपारी तिला मळमळत होतं म्हणून तिने जेवण तसंच ठेवलं होतं आणि इन्सुलिन मात्र अंगात गेलं होतं. मोठे डॉक्टर आले, त्यांनी डोस कमी केला. मला म्हणाले, "हृदयासाठी जी गोळी चालू आहे, बीटा ब्लॉकर, तिच्यामुळे साखर उतरल्याच्या खुणा झाकल्या जातात. हात थरथरत नाहीत, धडधड होत नाही. घाम तेवढा येतो."

मी बाकड्यावर येऊन बसलो. मंगळवारी तो घाम अटॅकचा होता, मी त्याला साखर म्हटलं. आज तो साखरेचा होता, मी त्याला अटॅक म्हटलं. दोन्ही घाम सारखेच दिसत होते. दोघांत फरक करायला एक सुई आणि एक कागदाची पट्टी लागते, आणि घरी साखर तपासायचं यंत्र तेव्हा आमच्या ओळखीत कुणाकडेच नव्हतं.

नथीबाईंच्या नवऱ्याला त्याच आठवड्यात घरी सोडलं. जाताना त्या माझ्यापाशी आल्या. बरं होईल वगैरे काही म्हणाल्या नाहीत. "येतू दादा," म्हणाल्या आणि भाकरीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवून गेल्या.

नवव्या दिवशी नंदाला जनरल वॉर्डात आणलं. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा निवांत बोलता आलं. ती थोडी बसली होती. मी मोसंबी सोलायला घेतली, मग आठवलं आणि ठेवून दिली. ती खिडकीकडे बघत म्हणाली,

"मी तुम्हाला सांगितलं होतं."

मी सालीचा तुकडा कागदात गुंडाळला.

"हे नेहमीसारखं नाहीये, असं सांगितलं होतं. दोनदा."

तिने खरंच सांगितलं होतं. पहिला ग्लास प्यायल्यावर ती म्हणाली होती, "अहो, हे नेहमीसारखं वाटत नाही." आणि मी म्हणालो होतो, "तू घाबरतेस फार. अजून एक ग्लास घे." पुन्हा आठ वाजता म्हणाली तेव्हा मी पेपर वाचत होतो. हे मी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, मोठ्या डॉक्टरांना नव्हतं, मेघाला नव्हतं. आज पहिल्यांदा लिहितोय.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

ती म्हणाली, "पाणी द्या थोडं." मी दिलं. हा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही.

डिस्चार्जच्या आधी टू-डी एको केला. म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. निरोगी हृदय दर ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकतं. नंदाचं पंचवीस टक्के फेकत होतं. पुढे महिन्याभराने मुंबईला नेऊन अँजिओग्राफी केली. नळीतून औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढतात, ती. तिन्ही रक्तवाहिन्या खराब निघाल्या. सर्जननी फिल्म दिव्यासमोर धरली आणि मला दाखवली. "एका जागी अडथळा असला तर पुढे दुसरी नळी जोडता येते. डायबेटिसने या टोकापर्यंत बारीक झाल्यात. जोडायला जागाच नाही."

"मग?"

"गोळ्या, इन्सुलिन, विश्रांती."

बाहेर नंदा व्हीलचेअरवर बसली होती. तिने काय म्हणाले ते विचारलं नाही. मी काय सांगायचं ते ठरवत होतो तेव्हा म्हणाली, "चला, उन्हं वाढतील."

त्यानंतर ती दहा महिने जगली.

त्या दहा महिन्यांचं फार लिहिण्यासारखं नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही. ती एकदा वर आली ती दवाखान्याखेरीज खाली उतरली नाही. नोकरी सुटली. मीठ बंद, पाणी मोजून. पाय सुजायचे, मेघा रोज अंगठ्याने दाबून खळगा किती खोल पडतो ते बघायची. इन्सुलिन मेघा द्यायची. मला सुई टोचवत नसे.

सगळ्यात आधी तिचा आवाज गेला. म्हणजे होता, पण एका दमात तीनच शब्द निघायचे. मग थांबून पुढचे तीन. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी भेटायला आल्या की ती मान हलवून ऐकत राहायची. त्या गेल्यावर म्हणायची, "दमले." बोलली नसायची तरी.

साखर उतरण्याची मला इतकी धास्ती बसली होती की मी तिला लपवून जास्त खायला घालायचो. पोळी दीड सांगितली तर दोन वाढायचो. साखर अडीचशेच्या वर राहायला लागली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सुनावलं. "तुम्हाला भीती वाटते म्हणून त्यांना चढी साखर देऊ नका. त्यांचं हृदय आधीच अर्ध्याहून जास्त मेलंय, राहिलेल्याला तरी नीट चालू द्या." ते बरोबर होतं. मी घरी येऊन दीड पोळी वाढली आणि रात्रभर तिच्या कपाळाला हात लावून बघत राहिलो.

शेवटी एका रविवारी सकाळी तिला घाम आला. या वेळी मी एक मिनिटही थांबलो नाही. चमचाभर साखर तिच्या जिभेवर ठेवली आणि त्याच वेळी मेघाला खाली पाठवून रिक्षा थांबवली. शेजारच्या चौघांनी तिला लाकडी खुर्चीवर बसवून तीन मजले उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्ची वळवताना ती एका शेजाऱ्याला म्हणाली, "सावकाश... तुमची पाठ..." वीस मिनिटांत आम्ही वाशीच्या कॅज्युअल्टीत होतो.

साखर एकशे अडतीस आली.

इतक्या वर्षांत तिची इतकी चांगली साखर कधी आली नव्हती. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी समजलो. या वेळी साखर नव्हतीच. हृदय दमलं होतं.

ती पुढे दोन दिवस होती. सोमवारी दुपारी मला आत सोडलं तेव्हा तिने विचारलं, "मेघाचा... कॉलेजचा फॉर्म... भरला?" मी म्हटलं, भरला. नव्हता भरला. मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता लिसी सिस्टर बाहेर आली. या वेळी तिने आकडा सांगितला नाही. माझ्या शेजारी बाकड्यावर बसली, आणि बसली तिथेच मला कळलं.

लोक म्हणतात काळाने कमी होतं. मला तसा अनुभव नाही. मेघा शिकली, नोकरीला लागली, तिचं चांगलं चाललंय. मला कुणी विचारलं तर मी बरा आहे म्हणतो. पण सकाळी सात वाजले की मी पेपर उचलत नाही. पावणेअकरापर्यंत काहीतरी करत राहतो, फरशी पुसतो, बाजारात जातो. त्या वेळात स्वस्थ बसणं मला जमत नाही.

ज्यांचे आभार मानायचे ते थोडे आहेत. लिसी सिस्टर, जी न विचारता आकडे सांगायची. नथीबाई, ज्यांनी मला खोटा धीर दिला नाही आणि उपाशी ठेवलं नाही. ते पांढऱ्या केसांचे डॉक्टर, ज्यांनी तुमची चूक नाही म्हटलं. त्यांना पूर्ण हकिकत सांगितली असती तर ते काय म्हणाले असते, हे मला अजून विचारावंसं वाटतं. नंदाने मला माफ केलं की नाही, तेही मला माहीत नाही. मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

तुमच्या घरात डायबेटिसचं माणूस असेल आणि त्याला घाम फुटला, मळमळलं, जबडा किंवा हात जड झाला, एकदम गळून गेलं, तर छातीत दुखतंय का हे विचारत बसू नका. साखर तपासता येत असेल तर तपासा, उतरलेली असेल तर द्या, पण त्यासाठी बसून राहू नका. दवाखाना उघडायची वाट बघू नका. आणि ते माणूस म्हणालं की हे नेहमीसारखं नाहीये, तर त्याचं खरं माना. त्याच्या शरीरात तेच राहतं, आपण नाही.

कदाचित नुसतीच साखर उतरलेली निघेल, हॉस्पिटलात पोचेपर्यंत माणूस ठीक होईल आणि उगाच धावपळ केली म्हणून तुमच्यावर चिडेल. कदाचित लवकर जाऊनही उपयोग होणार नाही. तो रविवार मी बघितलाय. तरी निघा.